हा फ्लॅग कुणाचा?

बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधणं, चालू असताना टर्मिनलवरून काय सरकत जातं ते कुणी वाचत नाही. मीही वाचत नसे. एकदा बिल्ड अडकला म्हणून आउटपुट थांबवलं, तर एका फाइलची कमांड साडेचार ओळी व्यापून बसली होती. सुरुवातीला जीसीसी हा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा), अगदी शेवटी फाइलचं नाव आणि मध्ये नुसते फ्लॅग, म्हणजे कंपायलरने काम कसं करायचं हे सांगणाऱ्या खुणा. टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी शेजारी बसली होती. तिने स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. ४३. काही दोनदा आले होते, ते एकदाच धरले तर ३८. मग मधल्याच एकावर बोट ठेवून म्हणाली, "हा कशासाठी आहे?"

मला सांगता आलं नाही. तिने दुसरा दाखवला, तोही सांगता येईना. प्रोजेक्ट अकरा वर्षांचा, त्यातली सात वर्षं मी त्यात. ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं, मग कुणाचा आहे?"

तिला गिट ब्लेमबद्दल विचारायचं होतं, म्हणजे ही ओळ कुणी लिहिली एवढंच. पण पुढचे दोन महिने मी जे काम केलं ते त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं होतं, फक्त जरा वेगळ्या अर्थाने. (फ्लॅगची नावं मी इथे तोंडाने म्हणतो तशीच लिहितोय. नावाआधीचा डॅश मनात धरावा.)

गिट ब्लेम तर केलंच. बहुतेक ओळींचे कमिट मेसेज (बदल नोंदवताना लिहायच्या टिपा) 'बिल्ड फिक्स', 'बिल्ड फिक्स पुन्हा' आणि 'टेंपररी' असे. त्या टेंपररीला आठ वर्षं झाली होती. एक कमिट माझाच निघाला: 'वॉर्निंग घालवली'. कुठली वॉर्निंग, कुठल्या फाइलमधली, काही पत्ता नाही. लिहिताना सगळं डोक्यात लख्ख असणार, म्हणूनच लिहिलं नसणार.

फ्लॅग घालायला कारण लागतं, पण ते तेवढ्या दुपारपुरतं पुरतं. काढायला मात्र खात्री लागते, आणि ती कुणाकडेच नसते. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, इथे नसल्यावर खोळंबा होईल की नाही हेच माहीत नसतं, म्हणून असण्याची अडचण सगळे सोसतात. या धंद्याची ही रीत तशी जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं, मेकफाइलमधल्या नियमांवरून बिल्ड चालवणारं साधन. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हा जाच तेव्हापासूनचा. तो बदलावा असं त्यांच्याही मनात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून टॅब राहिला. डझनभर लोकांसाठी! आज किती कोटी मेकफाइलींमध्ये तो टॅब असेल कोण जाणे.

तर आम्ही साफसफाईला बसलो. पद्धत सोपी ठरवली: एक फ्लॅग काढायचा, मेक चालवायचं, टेस्ट चालवायच्या. पहिला काढला, सगळं पास. दुसरा, पास. तासाभरात अकरा फ्लॅग गेले आणि एकही टेस्ट पडली नाही. मी खुशीत येऊन म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतो. ती म्हणाली, "पण काहीच कंपाइल होत नाहीये."

खरंच होत नव्हतं. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं. सोर्स फाइल तिच्यापासून कंपाइल होऊन बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तरच कंपाइल करायचं, एवढीच त्याची समज. कमांड बदलली हे त्याच्या गावीही नसतं. आम्ही तासभर तीच जुनी ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा तपासून त्यांना शाबासकी देत होतो. निन्जा हे मेकसारखंच दुसरं साधन वापरत असतो तर कमांड बदलताच त्याने फाइल परत कंपाइल केली असती. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेकनेच बांधलं जातं, पण त्यांनी यावर तोड काढली आहे: प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी ते कुठल्या कमांडने बनलं हे एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी ताडून बघायचं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी फ्लॅग बदलून नुसतं मेक केलं असेल, तेव्हा अर्धी ऑब्जेक्ट जुन्या फ्लॅगची आणि अर्धी नव्या फ्लॅगची अशी खिचडी किती वेळा टेस्टला गेली असेल, हा विचार मी तेव्हा मुद्दाम टाळला.

दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. फ्लॅगसह एकदा सगळं नव्याने बांधायचं, फ्लॅगशिवाय एकदा, आणि दोन्हीकडची ऑब्जेक्ट बाइटला बाइट लावून बघायची. फरक नसेल तर त्या फ्लॅगने काहीच केलेलं नाही. हे करतानाही दोनदा ठेच लागली. एका फाइलमध्ये बिल्डची तारीख-वेळ मॅक्रोने (कंपाइल होताना ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो अशा नावाने) कोरली जात होती, त्यामुळे ती दर वेळी वेगळीच निघे. आणि दुसरं म्हणजे 'जी' हा डीबगचा (चुका शोधण्याच्या सोयीचा) फ्लॅग लावला की जीसीसी डीबगच्या माहितीत कोणत्या फ्लॅगने कंपाइल केलं हेही लिहून ठेवतो. म्हणजे प्रोसेसरसाठीची सूचना एकही बदललेली नसताना ऑब्जेक्ट वेगळं दिसतं, कारण त्यात फ्लॅगचं नाव असतं किंवा नसतं. चोर कोण हे बघायला गेलो तर तपासाचा कागदच पुरावा म्हणून सापडायचा. डीबगची माहिती काढून टाकून मग ताडायला लागलो. (उलट्या बाजूने हीच सोय फार कामाची आहे. दोन वर्षांपूर्वीची बायनरी कुठल्या फ्लॅगने बांधली हे तिच्याच पोटातून वाचता येतं.)

३८ पैकी ९ फ्लॅगनी काहीच फरक पडत नव्हता. 'पाइप' हा त्यातला एक. कंपायलरच्या टप्प्यांनी एकमेकांना मजकूर तात्पुरत्या फाइलीतून न देता पाइपमधून द्यावा एवढंच तो सांगतो, निकालाशी त्याचा संबंध नाही. 'ओमिट-फ्रेम-पॉइंटर' दुसरा. ३२ बिटच्या इंटेल प्रोसेसरवर हाताशी मोजून आठ रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या जागा), त्यातलं एक फ्रेम पॉइंटरने, म्हणजे चालू फंक्शनची मेमरीतली जागा दाखवणाऱ्या पत्त्याने, अडवलेलं, तेव्हा ते मोकळं करणारा हा फ्लॅग म्हणजे मोठी कमाई वाटायची. पुढे जीसीसी ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) चालू असताना ते आपणहूनच करू लागला, तरी लोकांच्या फाइलींतून फ्लॅग हलला नाही. गंमत म्हणजे २०२३ मध्ये फेडोरा ३८ या लिनक्स वितरणाने आपल्या सगळ्या पॅकेजांसाठी उलटा फ्लॅग लावला: फ्रेम पॉइंटर ठेवा. कारण प्रोफाइलरला (वेग मोजणाऱ्या साधनाला) स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुणी बोलावलं ती साखळी, पटकन चालत जाता यायला हवा. वेगासाठी घालवलेली गोष्ट वेग मोजण्यासाठी परत आणली.

नववा होता 'नो-ट्री-व्हेक्टराइज', कंपायलरने लूपमधले बरेच आकडे एकदम हाताळू नयेत असं सांगणारा. तो सगळ्या प्रोजेक्टवर नव्हता, एकाच फाइलवर होता. ऑब्जेक्ट त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय तंतोतंत सारखं. मी काढून टाकला. ती म्हणाली, "सगळ्यांवर लावलेले फ्लॅग कुणी कुठून कॉपी केलेले असू शकतात. पण हा एकाच फाइलवर लावायला कुणीतरी स्वतंत्र ओळ लिहिली आहे. त्याला काहीतरी दिसलं असणार." मी म्हटलं, बाइट सारखे आहेत, अजून काय पुरावा हवा. गेला.

उरलेल्या २९ चं करायचं काय? इथून 'कुणाचा' हा प्रश्न खरा कामाला आला.

एक फ्लॅग होता 'नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग'. सगळ्या ७०० फाइलींवर. सी भाषेचा १९८९ च्या प्रमाणापासूनचा नियम असा की एका प्रकारच्या पॉइंटरने (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलने) लिहिलेली जागा दुसऱ्या, न जुळणाऱ्या प्रकारच्या पॉइंटरने वाचायची नाही. कॅरेक्टरच्या पॉइंटरला मुभा आहे, बाकीच्यांना नाही. कंपायलर त्या भरवशावर धरून चालतो की इंटिजरचा (पूर्णांकाचा) पॉइंटर आणि फ्लोटचा (दशांश आकड्याचा) पॉइंटर कधीच एका जागी बोट दाखवणार नाहीत, आणि म्हणून त्यांच्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम तो सोयीने बदलतो. ओ-झीरो ते ओ-थ्री या ऑप्टिमायझेशनच्या पायऱ्या, त्यात ओ-टू पासून पुढे ही मोकळीक तो घेतो. हा फ्लॅग सांगतो की घेऊ नकोस, आमचा भरवसा नाही.

आमच्याकडे हे कुठे मोडलं होतं? शोधायला एक दिवस गेला. नेटवर्कवरून आलेले चार बाइट एका इंटिजरमध्ये उलटेसुलटे लावून घ्यायचे आणि मग त्याच इंटिजरचा पत्ता फ्लोटच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून (प्रकार जबरदस्तीने बदलून) आकडा वाचायचा, असा एक लहानसा फंक्शन होता. ओ-झीरोला बरोबर चालायचा. ओ-टूला तो बोलावणाऱ्याच्या आत इनलाइन झाला की कंपायलर म्हणणार, इंटिजर लिहिला जातोय, फ्लोट वाचला जातोय, दोघांचा संबंध काय? वाचतो आधी. आणि मागच्या पॅकेटमधला आकडा पुढच्या पॅकेटच्या नावावर. असा फंक्शन तीन फाइलींत होता, एकातून दुसऱ्यात कॉपी केलेला. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी आकडे चुकताना बघितले, फ्लॅग लावल्यावर ते बरोबर आले, आणि 'बिल्ड फिक्स' लिहून तो माणूस घरी गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चूक तीन फाइलींची आणि हात बांधले ७०० फाइलींच्या कंपायलरचे.

उपाय चार अक्षरी आहे हो: मेमसीपी, म्हणजे बाइट जसेच्या तसे कॉपी करणं. चार बाइट मेमसीपीने फ्लोटमध्ये उतरवायचे. फंक्शन कॉल महाग पडेल अशी भीती वाटते, पण ओ-टूला कंपायलर त्याची एक सूचना करून टाकतो. दोन फाइली तशा दुरुस्त केल्या. तिसरी बाहेरून आणलेली होती, तिला हात लावायचा नाही असं ठरलं. फ्लॅग त्या एका फाइलवर नेला आणि वर तीन ओळींची टीप लिहिली.

आता कुणी म्हणेल, लिनक्स कर्नलसुद्धा हा फ्लॅग सगळीकडे लावतंच की. लावतं. पण ते ठरवून, उघडपणे, 'आम्ही ज्या सीमध्ये लिहितो ती अशी आहे' या भूमिकेने लावतं. त्यांचा दुसरा तसाच एक फ्लॅग आहे, 'नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स', आणि त्याची जन्मकथा मला पाठ आहे. २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीतल्या टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनने पॉइंटरमधून आधी एक फील्ड वाचलं आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर नल (कुठेच न दाखवणारा) आहे का ते तपासलं. कंपायलरचा हिशेब सरळ: ज्याअर्थी याने तो पॉइंटर वापरला त्याअर्थी तो नल असूच शकत नाही, मग पुढची तपासणी फुकटची, काढून टाकू. काढली. शून्य पत्त्यावर स्वतःचं पान आणून ठेवू शकणाऱ्याला कर्नलमध्ये शिरायची वाट मिळाली. सुरक्षा त्रुटींच्या यादीतला सीव्हीई-२००९-१८९७ तो हाच. त्यांनी ओळींचा क्रम दुरुस्त केला आणि वर हा फ्लॅगही लावला. कोड वाचणाऱ्याला तपासणी दिसत होती, फक्त चालणाऱ्या यंत्रात ती नव्हती. फ्लॅगची भानगड किती खोल असते हे कुणाला समजावायचं असेल तर मी ही गोष्ट सांगतो.

हे फ्लॅग कोडचे. कोडचा अर्थच त्यांच्यावर टेकलेला असतो, ते काढले तर प्रोग्राम वेगळा होतो. भाषेचं प्रमाण कोणतं हे सांगणारा फ्लॅगही यांच्यातलाच. यांची जागा कोडशेजारी, शक्य तेवढ्या लहान परिघात. याउलट ओ-टू की ओ-झीरो, 'जी' हवा की नको, हे जो बांधतोय त्याचं. त्याला आज डीबग करायचं आहे की वेग मोजायचा आहे, ते मला प्रोजेक्ट लिहिताना कसं कळणार?

ही वाटणी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमांत पूर्वीपासून लिहिलेली आहे: सीफ्लॅग्ज हे व्हेरिएबल बांधणाऱ्याचं. ज्याच्याशिवाय कंपाइलच होणार नाही असं काही प्रोजेक्टने त्यात ठेवू नये, आपलं वेगळं व्हेरिएबल करावं. बिल्डची तयारी करून देणारं ऑटोकॉन्फ त्यात 'जी' आणि ओ-टू घालून देतं ते फक्त कुणी काही सांगितलं नाही तर. मी हे वाचलेलं होतं, पण पटलं तेव्हा जेव्हा ती माझ्यासमोर कमांडवर सीफ्लॅग्ज म्हणून 'जी' आणि ओ-झीरो देऊन मेक चालवायला गेली. पहिल्याच फाइलवर सगळं कोसळलं. कमांडवर दिलेलं व्हेरिएबल मेकफाइलमधल्या सगळ्या नेमणुका पुसून टाकतं, अगदी मागून जोडलेल्यासुद्धा. आमचे हेडरचे (सामाईक घोषणांच्या फाइलींचे) पत्ते, मॅक्रो, भाषेचं प्रमाण, सगळं त्या एका पिशवीत कोंबलेलं होतं, ते सगळंच गेलं. "मग ओ-झीरोने बांधायचं असेल तर तुम्ही काय करता?" म्हणाली. मेकफाइल उघडतो, ओ-टू पुसतो, ओ-झीरो लिहितो आणि कमिट करताना ती फाइल वगळायची आठवण ठेवतो. सात वर्षं हेच करत होतो. सांगताना लाज वाटली.

मशीनचे फ्लॅग निराळे. 'मार्च-नेटिव्ह' म्हणजे ज्या मशीनवर बांधतोय त्याच्या प्रोसेसरला येतात त्या सगळ्या सूचना वापर. स्वतःपुरतं बांधायचं असेल तर उत्तम. आमच्या प्रोजेक्टच्या फाइलीत तो होता, म्हणजे बायनरी जिथे बांधली तिथे पळायची आणि जुन्या मशीनवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरायची. हे इतक्यांनी सांगितलेलं आहे की मी यावर जास्त लिहीत नाही.

शेजाऱ्याचा फ्लॅग आपल्याला कसा बाधतो हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. 'फास्ट-मॅथ' (अचूकता थोडी सोडून गणित जलद कर) लावून कुणी शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालताना लोड होणारा सामाईक कोड, बांधली की जीसीसी तिच्यात सुरुवातीलाच चालणारा एक तुकडा घालायचा. तो प्रोसेसरला सांगायचा की अगदी सूक्ष्म आकडे सरळ शून्य धर. लायब्ररी लोड झाली की ही सेटिंग तो लोड करणाऱ्या अख्ख्या थ्रेडला लागू. तुमच्या कोडमध्ये फास्ट-मॅथचं नाव नसलं तरी तुमची गणितं बदलली. २०२३ च्या जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीसाठी तो तुकडा घालणं बंद झालं. तोपर्यंत कितीजणांनी आपल्याच सूत्रात चूक शोधत रात्री घालवल्या असतील!

वॉर्निंगचे फ्लॅग लिहिणाऱ्याचे. डब्ल्यू-ऑल याला सगळे 'वॉल' म्हणतात. भिंत म्हणा हवं तर, पण तिला भगदाडं पुष्कळ, कारण त्या 'ऑल'मध्ये सगळ्या वॉर्निंग नाहीत. पुढे डब्ल्यू-एक्स्ट्रा आहे, त्याच्याही बाहेर कितीतरी आहेत. क्लॅंग या दुसऱ्या कंपायलरमध्ये डब्ल्यू-एव्हरीथिंग आहे, तो एकदा गंमत म्हणून लावावा. सी-प्लस-प्लस-११ मध्ये (भाषेच्या २०११ च्या आवृत्तीत) लिहिलेल्या कोडला 'हे ९८ शी जुळत नाही' असंही तो बजावतो.

आमच्याकडे डब्ल्यू-एक्स्ट्रा नव्हता. लावला, तर शेकडो वॉर्निंग, बहुतेक न वापरलेल्या पॅरामीटरच्या. पण त्या बंद करणारा फ्लॅग तर आमच्या यादीत होता! नीट बघितलं. 'पॅरामीटर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक स्वर गळालेला. सहा वर्षं तो चुकीचा शब्द प्रत्येक फाइलच्या कमांडमध्ये मिरवत होता. जीसीसी एरवी अनोळखी फ्लॅगवर लगेच थांबतो, पण 'नो' लावून वॉर्निंग बंद करणारा अनोळखी फ्लॅग असेल तर तो गप्प राहतो, आणि त्या फाइलमध्ये दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच तक्रार करतो. हे मुद्दाम केलेलं आहे. नव्या कंपायलरच्या वॉर्निंगचं नाव जुन्या कंपायलरला दिलं तरी बिल्ड मोडू नये म्हणून. हेतू चांगला, पण टायपिंगच्या चुकांना त्याच आडोशाला कायमचं घर मिळतं.

डब्ल्यू-एरर, म्हणजे वॉर्निंगलाच एरर समजणं, यावर मला ठाम मत आहे: आपल्या तपासणीच्या सर्व्हरवर जरूर, दुसऱ्याच्या मशीनवर कधीही नाही. उद्याचा कंपायलर नवी वॉर्निंग शिकून येतो आणि कालचा न बदललेला कोड बांधता येईनासा होतो. कर्नलमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये, ५.१५ च्या वेळी, लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी तो सगळ्यांसाठी चालू केला आणि थोड्याच दिवसांत तो फक्त चाचणीच्या बिल्डपुरता मूळ निवड म्हणून ठेवला. एखाददुसऱ्या वॉर्निंगला निवडून एरर करणं मात्र शहाणपणाचं. डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं हे आम्ही तसं केलं होतं, आणि २०२४ च्या जीसीसी १४ ने ते सगळ्यांसाठीच एरर केलं.

एवढं कळल्यावर आम्ही मेकफाइल सोडून सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाकडे गेलो, कारण तिथे 'कुणाचा' हे लिहायला व्याकरण आहे. प्रत्येक टार्गेटचे (बांधायच्या प्रत्येक गोष्टीचे) फ्लॅग वेगळे, आणि प्रत्येकाला प्रायव्हेट, इंटरफेस किंवा पब्लिक म्हणायचं. माझ्या बांधणीपुरता, मला वापरणाऱ्यांसाठी, किंवा दोघांसाठी. वाचायला सोपं आहे. मी पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी चुकलो.

आधी वॉर्निंगचे फ्लॅग पब्लिक केले. आमची लायब्ररी वापरणाऱ्या दुसऱ्या टीमच्या कोडवर आमच्या कडक वॉर्निंग जाऊन आदळल्या. त्यांचा मेसेज सभ्य होता, पण लांब होता. घाईने मी सगळंच प्रायव्हेट केलं, आणि खरी चूक ती होती. आमच्या हेडरमध्ये एक स्ट्रक्ट (फील्डचा एकत्र गठ्ठा) आहे, आणि एक मॅक्रो दिलेला असेल तर त्याच्या मधोमध आठ बाइटचा एक काउंटर येतो. मॅक्रो प्रायव्हेट झाला. लायब्ररीच्या लेखी स्ट्रक्ट ४८ बाइटचं, वापरणाऱ्याच्या लेखी ४० बाइटचं. सगळी ऑब्जेक्ट जोडणाऱ्या लिंकरने चकार शब्द काढला नाही, कारण सी भाषेत नावाशिवाय त्याला काही दिसतच नाही. वापरणाऱ्याला 'टाइमआउट' फील्डमध्ये काउंटरचा आकडा दिसू लागला. दर पॅकेटला टाइमआउट एकाने वाढतोय! ते लॉग बघून मी प्रथम हसलो होतो. असा मॅक्रो फ्लॅगच्या वेशात असला तरी तो हेडरचा भाग आहे, आणि हेडर जिथे जाईल तिथे त्याला जावंच लागतं. मूळ उपाय अर्थातच हेडरमध्ये अशी अट न घालणं हा. तो पुढच्या मोठ्या आवृत्तीत केला.

आणि मग, सीमेकवर आल्यावर चौथ्या दिवशी, रात्रीच्या टेस्टमध्ये प्रोग्राम कोसळला. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरी चुकीच्या रीतीने वापरल्याचा गुन्हा. फाइल तीच, जिच्यावरून मी 'नो-ट्री-व्हेक्टराइज' काढला होता.

मेकफाइलमध्ये आम्ही ओ-टू वापरत होतो. सीमेकमध्ये रिलीज म्हटलं की जीसीसीसाठी आपोआप ओ-थ्री येतो, सोबत असर्ट (कोडमधल्या खात्रीच्या तपासण्या) बंद करणारा मॅक्रोही. आमच्या जीसीसीमध्ये व्हेक्टरायझेशन ओ-टूला बंद असायचं, ओ-थ्रीला चालू. (जीसीसी १२ पासून ते थोड्या प्रमाणात ओ-टूलाही आहे.) म्हणजे ज्या दिवशी मी बाइट ताडून बघितले त्या दिवशी फ्लॅगला बंद करायला काही नव्हतंच. ती जुना इतिहास चाळत बसली आणि तासाभरात तिला सापडलं: नऊ वर्षांपूर्वी हा प्रोजेक्टही ओ-थ्रीवरच होता. फ्लॅग तेव्हाचा. पुढे कुणीतरी सगळ्या प्रोजेक्टचा ओ-थ्री काढून ओ-टू केला आणि फ्लॅग झोपला.

कारण बघायला तिने अलाइनमेंट (पत्ता योग्य पटीत आहे का) तपासणारा सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना चुका पकडणारी सोय, लावून फाइल बांधली. त्याने ओळ क्रमांकासकट दाखवलं. पॅकेटचं हेडर सहा बाइटचं, त्यापुढचा मजकूर थेट ३२ बिटच्या इंटिजरच्या पॉइंटरमध्ये कास्ट केलेला, आणि त्यावर बेरजेचा लूप. पुन्हा तीच कास्ट. इंटेलचा प्रोसेसर एकेक आकडा वाचताना वाकडा पत्ता चालवून घेतो, म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. पण कंपायलर लूपचं व्हेक्टर करताना धरून चालतो की इंटिजरचा पॉइंटर चारच्या पटीत आहे. सुरुवातीचे काही आकडे सुटे मोजून सोळाच्या पटीत पोचायचं आणि तिथून सोळा-सोळा बाइट एकदम उचलायचे, तेही पत्ता सरळ असेल तरच चालणाऱ्या सूचनेने. दोनच्या पटीत असलेला पण चारच्या पटीत नसलेला पत्ता चार-चारची पावलं टाकत सोळाच्या पटीत कधीच पोचत नाही.

मी फ्लॅग परत लावायला फाइल उघडली होती. "नको," ती म्हणाली, "तो त्या लूपचा आहे, तिथेच मिटवू." लूपमध्ये कास्टच्या जागी मेमसीपी आला, ओ-थ्रीवर टेस्ट पास झाल्या, सॅनिटायझर गप्प झाला. बदल चार ओळींचा आहे. त्यावरचा कमिट मेसेज एकोणीस ओळींचा.